अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन: मायनं सात वर्षं खाल्लेल्या बीपीच्या गोळ्या आणि त्या देणारं आमचं उपकेंद्र

माझी माय २०१८ पासून बीपीची गोळी खाते. सुरुवातीला अ‍ॅम्लोडिपिन ५, मधात काही महिने अ‍ॅम्लोडिपिन १०, आणि आता अ‍ॅम्लोडिपिन ५ सोबत टेल्मिसार्टन ४०. गोळ्या गावातल्या उपकेंद्रातून फुकट मिळतात, तिथं संपल्या असल्या तर तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून आणतो. फवारणीच्या पंपाचा रिव्ह्यू लोक टाकतात, मोबाईलचा टाकतात, पण आमच्याकडं अर्ध्या घरात रोज सकाळी चहाच्या कपाजवळ जी पट्टी ठेवलेली असते तिच्याबद्दल कोणी नीट लिहीत नाही, नुसतं "किडनी जाते, बंद करा" एवढंच फिरत राहतं. म्हणून लिहितोय. गोळीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, सेवेला तीन. लांब होईल, पण घरात कोणी बीपीचं असेल तर पूर्ण वाचा.

आधी बाबांचं सांगावं लागेल. बाबांना २०१३ ला बीपी निघालं, १७० च्या वर. गोळी दिली, दोन महिने खाल्ली, बीपी १३० वर आलं आणि बाबा म्हणाले, "आता मले काईच होत नाई, मंग गोयी कायले खाऊ? एकदा लागली का जनमभर सुटत नाई म्हणतात, अन किडनी जाते ते वेगळं." आणि मी तेव्हा त्यांना अडवलं नाही, उलट मलाही तेच बरोबर वाटत होतं कारण पारावर, मेडिकलवर, बसमध्ये सगळीकडं मी तेच ऐकलं होतं. २०१६ च्या तान्ह्या पोळ्याला सकाळी गोठ्यातून येता येता पडले, उजवा हात गेला, बोलणं गेलं. तीन वर्षं खाटेवर होते. मायनं सगळं केलं, २०१९ ला ते गेले. गडचिरोलीच्या ८६ गावांत कोण कशानं मरतं ह्याचा अभ्यास २०१५ ला छापून आला होता, त्यात पहिल्या नंबरचं कारण लकवा निघालं, साधारण सात मरणांमागं एक. हे मला बाबा गेल्यावर वाचायला मिळालं.

त्यामुळं मायचं बीपी १६४/९८ निघालं तेव्हा मी ठरवलं की गोळी तर चालू करायचीच पण तिच्याबद्दल जे जे बोललं जातं ते एकेक तपासायचं. माझी भाची नर्सिंग शिकते, तिनं लय मदत केली, आणि आमच्या पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे तेव्हाचे डॉक्टर समजावून सांगणारे होते.

पहिली भीती म्हणजे वर्षानुवर्षं खाल्ली तर काय होईल. अ‍ॅम्लोडिपिन काही काल आलेली गोळी नाही, १९९० च्या आसपासपासून जगभर खाल्ली जाते, म्हणजे पस्तीस वर्षं झाली. २००२ ला अमेरिकेतल्या एका मोठ्या तपासणीचा निकाल आला होता, तेहतीस हजारांवर लोक, सरासरी पाचेक वर्षं, त्यात अ‍ॅम्लो खाणारे आणि जुनी लघवीची गोळी (लघवीवाटे मीठ-पाणी काढून बीपी उतरवणारी) खाणारे ह्यांच्यात हार्ट अटॅक आणि मरण सारखंच निघालं. एक फरक मात्र होता, अ‍ॅम्लोवाल्यांत हार्ट फेल्युअर थोडं जास्त होतं, म्हणून ज्याला आधीच दम लागतो, आडवं झालं की श्वास कोंडतो, त्यानं डॉक्टरला हे आधीच सांगायचं. आणि ब्रिटनमधल्या साडेआठ हजार लोकांना तर सोळा वर्षांनंतर पुन्हा मोजलं, २०१८ ला तो निकाल आला, ज्यांची सुरुवात अ‍ॅम्लोवर झाली होती ते अ‍ॅटेनोलॉल ह्या दुसऱ्या बीपीच्या गोळीवाल्यांपेक्षा लकव्यानं कमी मेले. सोळा वर्षं ही कमी नाही. मेडिकलवर उभं राहून "ह्या गोयीनं लोकं मरून रायले" म्हणणाऱ्याला मी आता हेच सांगतो.

पण त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. मायचं बीपी अ‍ॅम्लो ५ वर १५० च्या खाली येत नव्हतं म्हणून १० केली. बीपी आलं खाली, पण दीड महिन्यात घोट्यांजवळ सूज. सकाळी कमी, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, बोट दाबलं की खड्डा पडायचा. घरात नुसती रडारड, सगळ्यांना वाटलं किडनी गेली. एका खाजगी दवाखान्यात नेलं तर त्यांनी न तपासता लघवीची गोळी लिहून दिली, म्हणजे अजून एक गोळी वाढली, माय रात्री चारदा उठायची आणि सूज तिथंच. मग पीएचसीत गेलो. डॉक्टरांनी लघवी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासलं, दोन्ही नॉर्मल, आणि मग समजावलं की अ‍ॅम्लो बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यातून पाणी झिरपून पायाकडं जमतं, किडनीचा किंवा हार्टचा त्यात दोष नसतो आणि म्हणूनच लघवीच्या गोळीनं ती सूज उतरत नाही. १० एमजीवर हे जास्त होतं, ५ वर कमी. त्यांनी अ‍ॅम्लो परत ५ केली आणि टेल्मिसार्टन ४० जोडली. तीन आठवड्यांत पाय जसेच्या तसे. सूज आली म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करणारे आमच्याच गल्लीत दोघं आहेत, दोघांनाही एवढंच करायचं होतं की डॉक्टरला पाय दाखवायचे.

हिरड्या फुगणं हा अजून एक त्रास अ‍ॅम्लोनं काहींना होतो, मायला नाही झाला, पण दातातून रक्त यायला लागलं तर दातावाल्याला सांगायचं की बीपीची गोळी चालू आहे.

आता किडनी. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि ह्यानंच बाबा गेले असं मी मानतो. किडनी खराब करतं ते वाढलेलं बीपी. बीपी वर्षानुवर्षं १६०-१७० राहिलं तर किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होतात, गाळण बंद पडत जातं, आणि तोवर माणसाला काहीच दुखत नाही. दुखायला लागलं की तो दवाखान्यात जातो, तिथं बीपीची गोळीही चालू होते आणि किडनीचा रिपोर्टही तेव्हाच खराब निघतो, आणि गावात बोललं जातं की गोळी चालू केली अन किडनी गेली. टेल्मिसार्टन तर ज्यांच्या लघवीतून प्रोटीन जातं अशा शुगरवाल्यांना किडनी वाचवायलाच देतात. हां, टेल्मि सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर डॉक्टर सहसा चालवून घेतात, त्याच्यावर गेलं की थांबून बघतात. पोटॅशियमही वाढू शकतं. म्हणून गोळी चालू करताना एकदा, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आणि मग वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं. गोळी सेफ आहे हे मी म्हणतो ते ह्या तपासणीसकट म्हणतो.

का ते २०२२ च्या मे महिन्यात कळलं. आमच्याकडचा मे म्हणजे ४५-४६ डिग्री, आणि मायला हगवण लागली. दोन दिवस पोटात पाणी टिकत नव्हतं पण गोळ्या मात्र नेमानं चालू, बाबांचं झाल्यापासून ती एकही दिवस चुकवत नाही. वरून गुडघे दुखत होते म्हणून तिनं मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून खाल्ली होती, मला न सांगता. तिसऱ्या दिवशी उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधार, लघवी जवळजवळ बंद. बीपी ९०/६०, क्रिएटिनिन २.१. माझ्या पायाखालची जमीन सरकली, वाटलं लोक म्हणत होते तेच खरं. डॉक्टरांनी टेल्मि थांबवली, दुखण्याची गोळी कायमची बंद केली, सलाईन लावली, आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० वर. टेल्मि परत चालू केली ती आजपर्यंत चालू आहे. डॉक्टर म्हणाले अंगातलं पाणी कमी झालेलं, टेल्मि चालू आणि त्यात पेनकिलर, ह्या तिघांची भेट किडनीला झेपत नाही. लघवीची गोळीही चालू असती तर अजून वाईट. उलट्या-हगवण लागली, काही खाणं-पिणं होत नाही, असं झालं तर त्याच दिवशी आशाताईला किंवा दवाखान्यात फोन करून विचारायचं की टेल्मि दोन दिवस थांबवू का. हे वाक्य पहिल्या दिवशी पट्टीसोबत कोणी सांगितलं असतं तर मायला सलाईन लागली नसती.

आणि पेनकिलरबद्दल मी हात जोडून सांगतो. आमच्याकडं फवारणी केली की गोळी, कापूस वेचून कंबर गेली की गोळी, मेडिकलवाला विचारत नाही आणि आपण सांगत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ह्या गोळ्या बीपीही वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा असरही कमी करतात. माय आता गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल घेते तीही दिवसाकाठी किती घ्यायची ते विचारून, आणि तेलाची मालीश. रोज बीपीच्या गोळीला घाबरणारा माणूस महिन्यात वीस पेनकिलर बिनधास्त खातो हे बघून जीव तुटतो.

मामाजींची म्हणजे सासऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना तिसरी गोळी होती, क्लोरथॅलिडोन, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. चांगलं काम केलं तिनं, पण उन्हाळ्यात ते बडबडायला लागले, घर ओळखेनात, तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. गोळी बदलली, चार दिवसांत माणूस ठिकाणावर. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी असेल तर सोडियम बघत राहायचं, आणि ज्याला गाऊट (युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजणं) आहे त्याचं युरिक अ‍ॅसिड ती वाढवते. दुसऱ्या एका नातेवाइकाला एनालाप्रिल ह्या बीपीच्या गोळीनं कोरडा खोकला धरला, तो महिनोन्‌महिने टीबीच्या तपासण्या करत राहिला आणि गोळी बदलल्यावर खोकला गेला. आणि लेकीबाळींसाठी एक, बीपी आहे आणि पोर राहायचा विचार आहे किंवा दिवस गेलेत तर टेल्मि किंवा एनालाप्रिल चालत नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो, लगेच डॉक्टरला सांगून दुसरी घ्यायची.

बीपीच्या गोळीनं कॅन्सर होतो हा मेसेज तर दर सहा महिन्यांनी येतो. त्याच्यामागं खरी गोष्ट आहे पण अर्धी. २०१८ ला व्हालसार्टन नावाच्या, टेल्मिसार्टनच्याच जातीच्या गोळीच्या काही बॅच जगभरातून परत मागवल्या होत्या, कारण चीनमधल्या एका कारखान्यात ती बनवताना एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धता त्यात आली होती. दोष बनवण्यात होता. आणि ह्या सार्टन गोळ्यांनी कॅन्सर वाढतो का ह्याचा हिशोब अमेरिकेच्या औषध खात्यानं २०११ ला मांडला होता, वाढत नाही असंच निघालं. मेसेज पाठवणारा हे लिहीत नाही, आणि तो वाचून माझ्या मावशीनं आठ दिवस गोळी सोडली होती.

आठवडी बाजारात एक जण जडीबुटीची पुडी विकतो, "इंग्लिश गोयी सोडा, हे झाडपाल्याचं हाये, साइड इफेक्ट नाई." मायलाही एकदा मोह झाला होता. मी तिला सर्पगंधेचं सांगितलं. सर्पगंधा आपल्याच जंगलातली, तिच्या मुळातून १९५२ ला रेसर्पिन काढलं गेलं आणि ते खरंच बीपी उतरवतं, जगभर गोळी म्हणून वापरलं. पण डोस जास्त झाला की माणसं उदास व्हायची, जगणंच नकोसं व्हायचं, म्हणून ती मागं पडली. झाडाचं असलं म्हणून त्रास नसतो असं नाही, आणि पुडीत किती डोस आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आमच्या वर्धा जिल्ह्यात बापू म्हणजे गांधीजी राहिले, त्यांनाही बीपीचा मोठा त्रास होता, तेव्हा आजच्यासारखी एकही गोळी नव्हती. आज चार पावलांवर फुकट मिळते.

आता उपकेंद्राच्या सेवेबद्दल. देशात बीपीचा जो मोठा कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला त्यात महाराष्ट्रातून सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते, त्याचा फायदा आम्हाला झाला हे मी मान्य करतो. मायच्या नावाचं कार्ड आहे, त्यावर दर महिन्याचं बीपी लिहितात, तीस दिवसांच्या गोळ्या हातात देतात, एकही रुपया नाही. नाही गेलो तर आशाताई घरी येते, "काकू, गोया संपल्या असन न, काऊन नाई आल्या?" म्हणून. सीएचओ म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी मॅडम मायशी मायच्या भाषेत बोलतात. ह्या दोघींना माझ्याकडून पूर्ण पाच.

दोन स्टार कापले ते दुसऱ्या कारणांनी. पहिलं, सात वर्षांत एकदाही कोणी आपणहून म्हटलं नाही की मावशी, तुमचं क्रिएटिनिन-पोटॅशियम करायचं राहिलं. दरवेळी मीच मागून घेतलं, दोनदा तर बाहेर पैसे देऊन केलं. ज्याचा पोरगा मागं लागणारा नाही त्याचं कोण करतं? दुसरं, मधेच गोळ्या संपतात. एकदा टेल्मि दोन महिने नव्हती. जनऔषधीत स्वस्त मिळते, महिन्याच्या दोन्ही गोळ्या शंभर रुपयांच्या बऱ्याच आत येतात, पण तालुक्याला जायचं तर एक रोजी बुडते, आणि रोजी बुडण्यापेक्षा लोक गोळी बुडवतात. तिसरं म्हणजे पट्टी बदलते. एका महिन्यात पांढरी गोल, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची. मायला वाचता येत नाही, तिनं एकदा नवी पट्टी वेगळी गोळी समजून जुनीसोबत नवी दोन्ही खाल्ल्या, म्हणजे डबल अ‍ॅम्लो, आणि दिवसभर चक्कर. नशिबानं एकच दिवस. तेव्हापासून पट्टी घरी आली की मी जुनी रिकामी पट्टी आणि नवी शेजारी ठेवून नाव जुळवतो, अ‍ॅम्लोच्या पट्टीला लाल धागा आणि टेल्मिच्या पट्टीला पांढरा धागा बांधतो. हे उपकेंद्रातच झालं तर किती बरं होईल.

बीपी मोजण्याची घाई हा पण प्रश्न आहे. उन्हातून चालत गेलेल्या बाईला लगेच पट्टा बांधतात, बाजूला चारचौघी बोलत असतात, १५८ येतं आणि डोस वाढतो. पाच मिनिटं पाठ टेकवून बसायचं, पाय खाली टेकलेले, हात छातीच्या लेव्हलला, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा नाही आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नाहीच. मी घरी दंडाचं डिजिटल मशीन घेतलं. मायचं उपकेंद्रात १५० आणि घरी १३२ असं कितीदा निघालंय, घरचे आठ दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी डोस वाढवायचा थांबवला. घरी १३५/८५ च्या आत असलं तर ठीक धरतात. उगाच वाढलेला डोस हाही त्रासच आहे, म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं की खुब्याचं हाड जातं.

लोक विचारतात सवय लागते का. सवय दारूची लागते, खर्र्याची लागते, कारण ते सुटलं की जीव कासावीस होतो. अ‍ॅम्लो सोडली तर तसं काही होत नाही, फक्त बीपी हळूहळू पहिल्या जागी येतं, कारण बीपी बरं झालेलं नसतं, दाबून धरलेलं असतं. ही गोळी अंगात लय वेळ टिकते म्हणून एखाद्या दिवशी विसरली तर घाबरायचं नाही, आठवली की घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही घ्यायच्या. अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन ही बीपीची गोळी असेल तर मात्र एकदम सोडायची नाही, त्यानं बीपी उसळतं. सकाळी घ्यायची का रात्री ह्याच्यावर २०२२ ला ब्रिटनमध्ये एकवीस हजार लोकांवर निकाल आला, फरक नाही. मायला सकाळी चुलीजवळ आठवते म्हणून सकाळी.

मिठाबद्दल एक सांगतो कारण ते गोळीशी जोडलेलं आहे. माय सैंधव वापरायला लागली होती, बीपीला चालतं म्हणून. सैंधवही मीठच आहे, त्यात सोडियम तसंच. आणि दुकानात जे कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम टाकलेलं असतं, किडनी कमजोर असेल आणि टेल्मि चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणायचं नाही. आम्ही लोणचं, पापड आणि ठेच्यातलं मीठ कमी केलं. मायला ठेचा सोडवत नाही, आणि मी सोडायलाही लावत नाही, मीठ अर्धं केलं एवढंच.

आज सकाळचं बीपी १२८/७८. माय पासष्टची आहे, अजून वावरात जाते, काल पऱ्हाटीत निंदण करून आली. शेजारचे काकाजी परवा येऊन बसले होते, त्यांनी चार महिन्यांपासून गोळी सोडलीये, माय त्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या भावाले म्या तीन वर्सं कुशीवर फिरवलं. तुमाले कोन फिरवन?" काकाजी काही बोलले नाहीत. मंगळवारी उपकेंद्रात बीपीचा दिवस असतो, मी त्यांना गाडीवर घेऊन जाणार आहे, आणि सोबत क्रिएटिनिनची चिठ्ठीही लिहून मागणार आहे.